आकडा रोज सकाळीच का पडायचा

"मॅडम, आकडा परत पडला! खाली काय चालू हाय तुमचं?"

फोन देशमुख साहेबांचा. ते आमचे प्लान्ट हेड. वर त्यांची केबिन, केबिनीत मॉनिटर, आणि मॉनिटरवरचा एकच आकडा ते बघायचे: आम्ही पकडलेला कार्बन डायऑक्साइड किती शुद्ध आहे. नव्वद टक्क्यांच्या वर असला की मी 'सोनकांबळे मॅडम'. खाली आला की नुसतीच 'मॅडम'.

"बघते, साहेब."

"बघते काय? परवा पुण्याचे लोक येऊन राहिलेत. आन् केबिनीत सकाळपासून डाळ भाजल्यासारखा वास येतोय, त्याचंही बघा."

"साहेब, चारी बाजूंनी डाळमिला आहेत. वास येणारच की!"

आमचं काम काय ते आधी सांगते. लातूरच्या डाळमिलांतून तुरीची टरफलं ढिगानं निघतात. ती जाळायची, पण कार्बन डायऑक्साइड हवेत सोडायचा नाही, धरून ठेवायचा. साध्या भट्टीत तो हवेतल्या नायट्रोजनमध्ये मिसळतो, आणि मग वेगळा करता करता नाकी नऊ येतात. म्हणून आमच्याकडे दोन उंच भांडी. एकात हवा, दुसऱ्यात टरफलं. त्या दोघांची गाठ पडूच द्यायची नाही. मधे लोहखनिजाची पूड फिरते. हवेच्या भांड्यातून ऑक्सिजन घेते, टरफलांना नेऊन देते, रिकामी होऊन परत येते. हापशावरून घागर भरून आणावी तसं. याला म्हणतात केमिकल लूपिंग. टरफलांच्या भांड्यातून मग वाफ आणि कार्बन डायऑक्साइड एवढंच निघतं. वाफ गार केली की तिचं पाणी होतं. उरतो तो आपला वायू.

आईला हे सगळं समजावलं तेव्हा ती म्हणाली, "धुरासाठी एवढा खटाटोप?" हाव गं, धुरासाठीच.

आकडा टिकला नाही तर पुण्याचं हेड ऑफिस प्लान्ट उचलून गुजरातला नेणार होतं. मी चांगली पुण्यातली नोकरी सोडून इथं आलेली. आमच्या गावी, नायगावला, बाबा भेटेल त्याला सांगायचे, "आमची पोरगी धूर कोंडती!" प्लान्ट गेला असता तर कोणत्या तोंडानं गावात गेले असते?

आणि आकडा तर मला वेडं करायला निघालेला. रोज ऑफिस उघडलं की पडायचा आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत आपोआप चढायचा. वायू मोजणारा अॅनालायझर तपासला, ठणठणीत. पूड बदलून बघितली. काही फरक नाही.

"वास्तू दाखवून घ्यायची का कुणाला?" देशमुख साहेब.

"आधी गॅस्केट दाखवू, साहेब."

एक धागा तेवढा हातात होता. वायूत ऑक्सिजन दिसत होता. तापलेल्या भांड्यात हवा शिरली असती तर टरफलांनी तिच्यातला ऑक्सिजन कधीच खाऊन टाकला असता. म्हणजे हवा पुढे, थंड बाजूला शिरत होती. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बघितला. फेस कुठंच आत ओढला जाईना. आणि समजा, पाईपला भोक असलंच, तरी ते दुपारी स्वतःहून बुजतं का?

तो दिवस उजाडला. पुण्याहून डायरेक्टर बाई आल्या. उन्हाळा असा की बाई गाडीतून उतरल्या आणि "बाप रे!" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी आकडा मात्र सकाळपासून नव्वदच्या वर. साहेब एकदम खुशीत. आमचे शिपाई गफूरचाचा सकाळपासून पाहुण्यांच्या तयारीत अडकलेले, त्यांना साहेबांनी हाक मारली.

"चाचा, पाहुण्यांसाठी कूलर फुल भरा!"

साहेबांच्या केबिनीतच मी स्लाइड दाखवायला सुरुवात केली. चाचा बादल्या आणून कूलरमध्ये ओतत होते. तिसऱ्या स्लाइडला बाईंनी मॉनिटरकडे बोट केलं. आकडा ऐंशीला आलेला. बघता बघता सत्तर.

"मॅडम?" देशमुख साहेब म्हणाले. नुसतंच मॅडम.

तेवढ्यात कूलरची झुळूक तोंडावर आली, आणि तिच्यात डाळ भाजल्याचा खमंग वास! मिलांचा वास बाहेरून आला असता, हा तर कूलरमधून येत होता. अख्ख्या प्लान्टमध्ये असल्या वासाचं पाणी एकाच ठिकाणी असतं. मी जिना उतरून पळत सुटले.

टरफलांच्या वाफेचं पाणी जिथं पडतं तिथं एक ड्रम आहे, त्याला सील पॉट म्हणतात. वरून येणाऱ्या पाईपचं तोंड त्यातल्या पाण्यात बुडलेलं असतं. ते पाणी म्हणजेच बूच. जास्तीचं पाणी नालीत जातं. ड्रम उपसला की पाईपचं तोंड उघडं पडतं, आणि वायू पुढे खेचणारा पंखा बाहेरची हवा सरळ आत ओढतो. दुपारपर्यंत नवं पाणी साचतं आणि बूच पुन्हा लागतं.

ड्रमचं झाकण बाजूला ठेवलेलं. चाचा वाकून तळातलं पाणी मगानं बादलीत भरत होते.

"चाचा! हे काय करून राहिले?"

"कूलर भरून राहिलो, मॅडम. रोजच भरतो. नळाला पाणी न्हाई, टँकरचं प्यायला पुरत न्हाई. आन् हितं इत्तं पाणी नालीत चाललंय. बघवंना मला."

मला ओरडायचं होतं, पण कशावर? लातूरमध्ये हे मलाही बघवलं नसतं.

"परत ओता!"

"कूलरातलं बी?"

"कूलरातलं बी!"

मी वर गेले, पाहुण्यांच्या देखत कूलर बंद केला आणि त्याची टाकी उपसायला लागले.

"अहो मॅडम, पाहुणे बसलेत!" साहेब कळवळले.

"साहेब, पाहुण्यांना हवा पाहिजे का आकडा?"

चाचा आणि मी बादल्या घेऊन वरखाली करत होतो. बाई आमच्याच प्रोजेक्ट रिपोर्टनं वारा घेत होत्या. ड्रम भरला. आकडा हळूहळू चढला आणि नव्वदच्या वर जाऊन थांबला.

"नेमकं काय दुरुस्त केलंत?" बाईंनी विचारलं.

"साहेबांचा कूलर बंद केला."

मग सगळं सांगावंच लागलं. साहेब रोज सकाळी त्याच कूलरसमोर बसून मला फोनवर झाडायचे, हेही सांगितलं. बाई पोट धरून हसल्या. साहेब घाम पुसत राहिले.

प्लान्ट लातूरलाच राहिला. ड्रमला कुलूप लागलं आणि नालीकडच्या पाईपला एक नळ. जास्तीचं पाणी आता तिथून घेतात. प्यायचं नाही, पण कूलरला चालतं. ड्रमचं डिझाइन पुण्यात झालेलं. त्यात दाब धरला होता, तापमान धरलं होतं. लातूर तेवढं धरलं नव्हतं.

आकडा आता पडत नाही. सकाळचा फोन मात्र चुकत नाही.

"सोनकांबळे मॅडम, आज चाचांनी तुमचा कूलर आधी भरला म्हणं?"