चिखलीचं पान जळगावात जात नाही

वाढदिवसापासून पूनम माझा फोन उचलत नव्हती. शेवटी डोकं फिरलं आणि तिच्या जळगाव जामोदला जायला मी उंद्रीहून सकाळची खामगाव एसटी पकडली.

तिची अट एकच होती. चोरून प्रेम नको. वाढदिवसाला पेपरात तिचा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून माझं पूर्ण नाव. तिचे बाबा पेपर जाहिरातींसकट वाचतात, त्यांना कळलं पाहिजे. मी छापलं, तेही रंगीत. आमच्या बापानं तो पेपर माझ्यापुढे आपटला. कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हाही एवढा तमाशा झाला नव्हता. आणि बाईसाहेब गप्प!

जळगाव जामोदला जाणार असाल तर खामगाव आणि शेगावला गाडी बदला. कचोरी निवांत खा. मी रागात खाल्ली, जीभ पोळली. वरवट बकालनंतर उजवीकडची खिडकी धरा, सातपुडा सोबत चालतो. मी मात्र शेजारच्या रिटायर्ड गुरुजींच्या पेपरात डोकावत होतो. पेपर तोच, तारीख आजचीच. पण सकाळी उंद्रीत चौथ्या पानावर आमचे सरपंच हसत होते. इथे भलतेच कोणी.

"हे पान वेगळं काऊन?" मी विचारलं.

गुरुजींनी चष्मा वर केला. "पेपर मोठा झाला ना बे. आधी चार पानांचं साप्ताहिक होतं, मग दैनिक झालं, मग सोताची मशीन आली. आता दर तालुक्याले वेगळं पान. चिखलीचं चिखलीत, आमचं आमच्यात."

 म्हणजे माझं प्रेम आमच्या अख्ख्या चिखली तालुक्यानं वाचलं होतं. जिनं वाचायचं, तिच्या गावात ते पोचलंच नव्हतं.

पूनम मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते. मी कात्रण काउंटरवर ठेवलं. तिनं ते दोनदा वाचलं. मी घाबरून छापलंच नाही, असं ती धरून बसली होती, आणि रविवारी तिला पाहायला पाहुणे येणार होते.

"उंद्रीत तर तुले कुत्रंबी ओळखते," ती म्हणाली. "हिंमत असंल तं आमच्या पानावर टाक."

पेपरचा एजंट स्टँडसमोरच होता. कंपनीच्या नव्या इमारतीचं कौतुक ऐकवत त्यानं मजकूर घेतला, वर 'विलंबित' शब्द आपणहून घातला. जाहिरातीत खिसा रिकामा झाला. परतीचं तिकीट पूनमनं काढलं.

दुसऱ्या दिवशी उंद्रीत पेपर उघडला. चौथ्या पानावर सोयाबीन. तेवढ्यात अनोळखी नंबर वाजला.

"पूनमचा बाप बोलून राह्यलो." मी उठून उभा राहिलो. "पेपरात काऊन छापतं बे? घर नाही का आम्हाले? रविवारी ये. पाहुण्याइले येऊ नका सांगतलं म्या."

ते पान मी अजून पाहिलेलं नाही. आमच्याकडे येतच नाही ना.