अक्काची कानबाई आणि आमचा खदानीचा नाला

आमच्या ऑफिसात फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला महिना घेते. किस्सा मात्र चहा येईपर्यंत धुळ्याहून शिरपूरला पोचलेला असतो! मी जलसंधारणात शाखा अभियंता आहे. गेल्या दोन वर्षांत एका नाल्याच्या कामाने मला इतके किस्से दिलेत, की माझ्या घरचे आता जेवताना विचारतात, "आज नाल्याचं काय?"

नाला दोंडाईचाजवळच्या एका छोट्या गावचा. वरच्या टेकडीवर दगडाची खदान होती. मालक दगड संपल्यावर निघून गेला आणि ढिगारा तिथेच ठेवून गेला. तो ढिगारा घसरत घसरत नाल्यात बसला. पाणी गावाच्या विहिरींकडे यायचं थांबलं. खाणींनी खराब केलेली जागा सुधारायला सरकारचा निधी असतो, त्यातून हे काम मंजूर झालं आणि माझ्या गळ्यात पडलं.

* * *

निधीची पहिली अट अशी, की खदान बंद पडलेली पाहिजे.

आम्ही पाहणीला गेलो. गंजलेलं क्रशर, त्याच्या पट्ट्यावर उगवलेलं गवत, सगळीकडे शुकशुकाट. आमचे साहेब खूश झाले. "लिहा मॅडम, पूर्णपणे बंद."

तेवढ्यात शिट्टी वाजली! खाकी शर्ट घातलेले एक म्हातारे गृहस्थ काठी आपटत आले. ते नाना, खदानीचे वॉचमन.

"बंद कशी? मी शे ना!"

मालक गेला, पगार थांबला, पण 'उद्यापासून येऊ नका' असं नानांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून ते रोज सकाळी डबा घेऊन ड्यूटीवर येत होते. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. साहेब एरवी फार कडक माणूस. पण त्यांनी टोपी काढली, नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नाना, खदानीची ड्यूटी संपली. आजपासून तुमची बदली नाल्यावर!"

नानांनी तिथल्या तिथे सलाम ठोकला आणि शिट्टी वाजवत नाल्याकडे निघाले.

* * *

निधी हप्त्याहप्त्याने येतो. पहिला हप्ता आला तो काठावर झाडं लावण्याचा. नाला खोदायचा हप्ता त्याच्या मागून! आता काठ कुठे आहे हेच दिसत नव्हतं, तर झाडं लावायची कुठे?

"ढिगाऱ्यावर लावा," साहेब म्हणाले. "मार्चअखेर आहे!"

ऐन उन्हात दगडांच्या फटीत आम्ही कडुलिंब लावले. आमचे ड्रायव्हर सलीमभाई दोंडाईचाचे. गाडी चालवता चालवता बोलायची फार हौस. पाण्याच्या बाटलीने रोपांना पाणी घालत म्हणाले, "मॅडम, पहले दाढी, बाद में बच्चा पैदा!"

* * *

या सगळ्या कामाकडे गावात सगळ्यात बारीक लक्ष कुणाचं असेल, तर ते अक्काचं. अक्का म्हणजे गावातली सत्तरीची बाई. श्रावणातल्या रविवारी तिच्या घरी भावकीची कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी सजवायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत पाण्यात सोडायची. नाला दबल्यापासून कानबाई टेम्पोत बसून तापीवर जात होती.

खदानीच्या खड्ड्यात पाणी होतं की! मी सहज सुचवलं, "अक्का, तिथे सोडा ना."

अक्काने माझ्याकडे असं पाहिलं, की मी दोन पावलं मागे सरले. "ते मरेल पानी शे. मन्ही कानबाई वाहता पानीमाच जाई. मी मराना आगोदर नाला वाहू दे माय, बठ्ठं पावनं!" साचलेलं पाणी तिच्या लेखी मेलेलं; नाला वाहिला की तिला सगळं पावलं.

त्या वर्षी आम्ही नेमके कानबाईच्या रविवारी मोजणीला गेलो. घरात नैवेद्याच्या गव्हाच्या रोटांचा, खिरीचा, गंगाफळाच्या म्हणजे लाल भोपळ्याच्या भाजीचा वास. आमच्या पोटात कावळे. अक्काने आम्हाला प्रेमाने बसवलं आणि शेजाऱ्यांकडून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मागवली!

"रोट फक्त भावकीले," ती म्हणाली. "लेक लगीन करी गई तं तिलेबी नही. राग नका मानू."

सलीमभाई ठेच्याबरोबर भाकरी मोडत हळूच म्हणाले, "मॅडम, यहाँ तो भावकी में पैदा होना पडेगा!"

* * *

पुढचा किस्सा फोटोचा. वरच्या ऑफिसला कामापूर्वीचा फोटो पाठवायचा असतो. आम्ही पाठवला आणि तो परत आला. शेरा होता, 'साहेब दिसतात, नाला दिसत नाही.' खरंच, साहेब ढिगाऱ्यासमोर असे ऐसपैस उभे होते, की मागचं काहीच दिसेना. आणि तोवर कडुलिंब काठावर हलवून ढिगारा उपसून झालेला!

आता काय पुन्हा दगड आणून टाकायचे? मी डोक्याला हात लावून बसले. शेवटी अक्काच्या नातवाने मोबाईलमधून त्याच्या लग्नाचा फोटो काढून दिला. घोड्यावर नवरदेव, मागे अख्खा ढिगारा, अगदी स्पष्ट! आम्ही तो पाठवला.

तिसऱ्या दिवशी वरून विचारणा आली, 'घोड्यावरील इसम लाभार्थी आहे काय?'

* * *

आणि या श्रावणातला सोमवार.

वर टेकडीवर पाऊस चांगला झाला होता. नाल्यात पाणी आलं होतं, पण गाडरस्त्याखालच्या सिमेंटच्या पाईपपाशी येऊन थांबलं. पाईप खडीच्या चुऱ्याने गच्च! पलीकडे, जिथे कानबाई सोडायची, तिथे नुसता ओला गाळ. जेसीबीवाल्याला फोन केला, तर तो शिंदखेड्याला. माझा आवाज चढला.

तेवढ्यात ढोल वाजवत सगळी भावकी आली. पुढे अक्का, डोक्यावर कानबाई. एकदा उचललेली देवी वाटेत टेकवायची नाही, असा तिचा नियम. साहेबांनी टेम्पो तयार ठेवला होता. ते म्हणाले, "अक्का, यंदा तापीवरच..."

"नही." अक्का उभीच राहिली. मान थरथरत होती, पण हात खाली आले नाहीत. ढोल थांबले. मला रडूच यायचं बाकी होतं.

सलीमभाईंनी गाडीच्या चाव्या माझ्या हातात दिल्या, नानांकडून पहार घेतली आणि पाईपच्या तोंडाशी कमरेएवढ्या चिखलात उतरले. साहेब ओरडले, "सलीम, वर ये!" सलीमभाईंनी ऐकलंच नाही. पहार मारत राहिले. नानांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना मागे हटवलं. मग आतला दगड हलला, सलीमभाई कसेबसे बाजूला झाले, आणि तांबूस पाणी धो धो करत पलीकडे निघालं!

अक्का पाण्यात उतरली. नारळ सोडला. तो गोल फिरला, कडुलिंबाच्या रोपाला टेकला आणि वाहत गेला. बायका गाणं म्हणायचं विसरून रडत होत्या. मीही.

अक्का वर आली. पदराची गाठ सोडून तिने एक रोट काढला, मोडला, अर्धा माझ्या हातात दिला आणि अर्धा सलीमभाईंपुढे धरला. सगळी भावकी बघत होती.

सलीमभाईंनी चिखलाचे हात मागे घेतले. "अक्का, हाऊ तं भावकीना..."

"माले नको शिकाडू. खाय गुपचूप," अक्का म्हणाली. "आनि ध्यान ठेव, भावकी बाहेरना मानूसले रोट देवाना नही!"