एक पाऊल आणि एक रेघ

मावशी त्या चित्रांच्या ऑफिसात सतरा वर्षं फरशी पुसत होती. तिचा डावा पाय जन्मापासून चार बोटं आखूड. उजवं पाऊल टाकायचं आणि डावं मागून ओढून घ्यायचं, अशी तिची चाल. नातही तिच्यावरच गेलेली. "नाक तरी सरळ दिलंस गं आजी," म्हणून नात हसायची खरी, पण शाळेत मधल्या सुट्टीत बाकावरून उठायची नाही.

ऑफिसात हलत्या चित्रांचा पिक्चर बनत होता. सगळं जग बुडून गेलंय, पाणी ओसरल्यावर नुसती वाळू उरलीय, आणि एक मुलगी उरल्यासुरल्या माणसांना घेऊन गोड्या पाण्याच्या शोधात निघालीय. त्या माणसांची चित्रं भिंतभर टांगलेली. पुसता पुसता मावशी थांबली.

"ताई, एवढं जग बुडालं, अन् वाचली ती सगळी गोरी, तरणीताठी, धडधाकट? आमच्यासारखे काय पहिल्याच लाटेत गेले?"

थोरली चित्रवाली ताई हसायला गेली आणि वळून भिंतीकडे बघू लागली. मग म्हणाली, "मावशी, जरा चालून दाखवता?"

मावशी कॅमेऱ्यासमोर बादली घेऊन चाळीस वेळा चालली. तिच्या पायांकडे एवढं निरखून याआधी फक्त सासूनं पाहिलं होतं, तेही नाक मुरडून. खिडकीतलं ऊन ओल्या फरशीवर पसरलेलं. चालता चालता मावशीला वाटलं, आपण वाळूतच चाललोय, मागून कितीतरी माणसं येतायत, आणि दूर कुठंतरी पाणी वाजतंय.

हळूहळू भिंतीवर सावळी माणसं आली, एक बोळक्या तोंडाचे आजोबा आले, हातांनी बोलणारी एक बाई आली. आणि पुढं चालणारी मुलगी मावशीसारखी चालू लागली.

"पिक्चरमधली पोर तुझ्यासारखी चालते," मावशीनं नातीला सांगितलं.

"काहीतरीच!"

"शनिवारी चल, डोळ्यांनीच बघ."

आता त्या ऑफिसात कामाची रीत अशी, की ताई मोजकीच चित्रं काढणार आणि मधली शेकडो चित्रं हाताखालची पोरं भरणार. ती तपासून दुरुस्त करायचा एक भला माणूस. त्याला सगळे चष्मा म्हणत. मावशीच्या चालीचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं पाहिलं, मुलीचं डावं पाऊल दर चित्रात मागे राहतंय. पोरांनी घोळ घातला म्हणून तो दोन दिवस मान मोडून बसला आणि सगळं सरळ करून टाकलं.

शनिवारी नात नवी रिबीन बांधून ऑफिसात आली. पडद्यावर मुलगी चालत आली ती पट्टीनं आखल्यासारखी. नात काही रडली नाही. "आजी, घरी जाऊ," एवढंच म्हणाली.

"पाय मागे राहत होता, मावशी," चष्मा कौतुकानं सांगत होता. "चूक काढून टाकली."

"चूक नव्हती रे बाबा. मी होते ती."

चष्म्याचा चेहरा उतरला. तरी पुटपुटला, "पण अशी चालणारी पोर एवढ्यांना वाट कशी दाखवणार? हरवतील की सगळे."

फडकं बादलीत बुडवून मावशीनं दारापासून खिडकीपर्यंत फरशी चिंब केली. "चाल गं," नातीला म्हणाली. नात लाजत, भिंतीला हात लावत अनवाणी चालली. मग मावशीनं ताईला आणि चष्म्याला चपला काढून चालायला लावलं.

फरशी सुकू लागली तशी पावलं उमटून आली. ताईची कुठली, चष्म्याची कुठली, काही कळेना. पण त्या गर्दीतून एक पाऊल आणि एक रेघ, एक पाऊल आणि एक रेघ, अशी एक वाट थेट खिडकीतल्या उजेडापर्यंत गेलेली.

"आता सांग," मावशी म्हणाली, "कुणाच्या मागून जाशील?"

चष्मा गुडघ्यांवर बसून बघत राहिला. नाकावरून चष्मा घसरला तरी त्याला भान नव्हतं. उठला तो तडक आपल्या टेबलाशी गेला.

पिक्चर लागला तेव्हा दोघी शेजारी बसल्या होत्या. पडद्यावर वारा सुटला, पावलांत पावलं मिसळली, माणसं बावरली. मग आजोबा वाकले, त्यांना वाळूत एक पाऊल आणि एक रेघ दिसली, आणि सगळे त्या मागानं निघाले. नातीनं आजीचा हात घट्ट धरला तो सोडलाच नाही.

दिवे लागले. दाराशी ही गर्दी! मावशी गर्दी सरायची वाट बघत बसून राहिली. नात मात्र उठून पुढं झाली, वळून म्हणाली,

"आजी, माझ्या मागून ये. हरवशील नाहीतर."