गरम धानावरचे पाय

उकडलेलं धान फरशीवर ओतलं की वाफेचं धुकं उठायचं. गोंदियातल्या त्या राइस मिलमध्ये माझं काम एवढंच: त्या धानातून अनवाणी चालत पायानं सरी पाडायच्या, म्हणजे ते सारखं वाळतं. पोळलं की बाकीचे टुणटुण उड्या मारायचे. मी आपला झोपेत चालल्यासारखा, त्या गोडसर वासात हरवून फिरत राहायचो. "अबे, पैर है के खुर!" सगळे म्हणायचे. मलाही काय ती ऐट! अहो, माणसाला कशाचा गर्व होईल सांगता येत नाही.

एकदा घरी आलो तर बायको दारातच हसली. "अजी, एकच चप्पल? दुसरी कोणाले देऊन आले?" पायातून चप्पल सुटली आणि मला पत्ता नाही. मग तिला टाचेवरचे फोड दिसले अन् तिचं हसू गेलं. एका दवाखान्यात शुगर तपासली, ती नव्हती. दुसऱ्यात ताकदीची इंजेक्शनं टोचली. पाठीवरच्या फिक्या चट्ट्याला मी गजकर्ण समजून मलम चोळत होतो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सदरा काढायला लावला, तेव्हा कुठे नाव कळलं: कुष्ठरोग.

"गोळ्यांनी रोग जाईल," त्या म्हणाल्या. "पायांची गेलेली जाण परत येईलच असं नाही. घरच्यांनाही घेऊन या."

लेकीच्या दंडावर एक फिका डाग होता. जंत झाले असतील म्हणून आम्ही सोडून दिलेला. माझे पाय गेले तेल लावत. पण तिचे हात?

बाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले. "कापूस लागला की तिथं बोट ठेव हं." गालावर कापूस फिरला, लेक खुदकन हसली, बरोबर बोट ठेवलं. तळहातावर, पुन्हा बरोबर. खिडकीतलं ऊन तिच्या मिटल्या पापण्यांवर आलं होतं. मग कापूस डागावर टेकला. पुन्हा टेकला. ती तशीच, बोट हवेत धरून.

"लावा ना जी मॅडम," ती म्हणाली, "कवाची वाट पाहून राह्यली मी."

मी भिंतीकडे तोंड फिरवून रडलो. बाई हळूच म्हणाल्या, "रडता कशाला? हिला वेळेत आणलंत. हात शाबूत राहतील हिचे."

लेक अजून डोळे मिटूनच बसली होती. तिला कोणी "डोळे उघड" म्हटलंच नव्हतं.