गोमाजी काकांचा बर्फातला सिनेमा
गोमाजी काका भर उन्हाळ्यात स्वेटर घालतात, त्यांचं डोकं फिरलं, अशी आमच्या वरठी गावात अफवा आहे. खोटी आहे. ते स्वेटर फक्त बर्फातला एक काउबॉयचा सिनेमा पाहतानाच घालतात.

"पाहा लेको, जीव टांगून राहते!" म्हणत त्यांनी आम्हा सिनेमावेड्यांना घरी बोलावलं. त्यांनी सुचवलेल्या मागच्या दोन सिनेमांत आम्ही झोपलो होतो. हाही पडला असता तर त्यांचं पुन्हा कोणी ऐकलं नसतं. अर्ध्यातच सगळे उठतील, अशी मी त्यांच्याशी पैज लावली; हरलो तर त्यांची नक्कल करणं सोडायचं.

काका टीव्हीऐवजी आमची तोंडंच पाहत होते. "कंटाळा आला का बे?" दर पाच मिनिटांनी.

टीव्हीवर बर्फातल्या झोपडीचं दार वाजलं. कुकर बंद करायला उठलेली बेबीबाई काकू तिथंच थांबली. "चूप बसा ना जी, पाहू द्या!"

शेवटपर्यंत कोणी हललं नाही. पैज मी हरलो. आता महिनाभर काकांची नक्कल बंद.