भाऊजींनी कमानी बदलल्या

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, निवृत्त झाले त्याच महिन्यात ट्रेलर घेऊन आले. जीपच्या मागे जोडायची चाकांवरची खोली. आत दोघांचा पलंग, शेगडी, बेसिन आणि भिंतभर कपाटं. जन्मभर हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स चालवलेल्या माणसाला घरी बसवत नाही, हे आम्ही समजू शकत होतो. लग्नानंतर त्यांनी ताईला कुठेही नेलं नव्हतं, कायम ड्यूटी. "आता सगळं भरून काढतो," असं ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. त्यांच्या मनाबद्दल मला कधीच शंका नव्हती. उजव्या पायाबद्दल होती.

भाऊजी गाडी चालवत नाहीत, सोडतात. इतकी वर्षं पुढे सायरन होता, लोक बाजूला होत होते. सायरन हॉस्पिटलकडे राहिला, पाय घरी आला. त्यात त्यांना डांबरी रस्त्यावर जायचंच नव्हतं. डोंगरातल्या एका तळ्यावर जायचं होतं, जिथे मातीच्या रस्त्याने जावं लागतं आणि त्यामुळे दुसरं कोणी जात नाही.

तळ्याआधी दोन जवळच्या सहली झाल्या. पहिल्या सहलीत मुक्कामाला पोचून ताईने ट्रेलरचं दार उघडलं, तर साखर आणि मीठ एक झालं होतं, बशांचे तुकडे झाले होते आणि कपाटाचं दार बेसिनमध्ये होतं. बाहेर फार सुंदर सूर्यास्त झाला म्हणे. ताईने पाहिला नाही, ती पलंगाखालून काचा काढत होती. दुसऱ्या सहलीतही तेच झालं, फक्त बशा नव्या होत्या.

ताई भांडत नाही. ती एकदा सांगते. "केर काढायला मला घर आहे," ती म्हणाली. "पुन्हा असं झालं तर तळ्यावर तुम्ही एकटे जा."

भाऊजींचा चेहरा पडला. एकटंच जायचं असतं तर त्यांनी तंबू घेतला असता. ताई येणार नसेल तर तो ट्रेलर त्यांच्या दृष्टीने भंगार होता, आणि हे त्यांना तिला तोंडाने सांगता येत नव्हतं. म्हणून त्यांनी दोष शोधायला घेतला. दोष लगेच सापडला. तो टायरमध्ये आणि कमानीत होता.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी त्यांच्यासमोर म्हणाले नाही. ताईसमोर म्हणाले. "अंगण बदलतायत," ताई म्हणाली. "बदलू देत."

आधी टायर बदलले. खोल नक्षीचे, जाडजूड, आणि त्यात टम्म हवा. ट्रेलर चेंडूसारखा उडू लागला. मग भाऊजींनी कमानवाला गाठला. हा गृहस्थ ट्रकांच्या कमानी, म्हणजे चाकांवरचा भार झेलणारे पोलादी पाटे, बसवतो. भाऊजींनी त्याच्याकडून सर्वांत मजबूत कमान निवडली.

"आत काय नेणार? सिमेंट?" कमानवाल्याने विचारलं.

"बायकोच्या बशा."

"मग ही वाकायचीच नाही."

"वाकत नाही तेच बरं," भाऊजी म्हणाले. कमानवाल्याने वाद घातला नाही. पुन्हा काढायचे पैसेही त्यालाच मिळणार होते.

कमान वाकली नाही. सगळे दणके जसेच्या तसे वर कपाटांत गेले. ती काढली. हलकी बसवली. तीही काढली. शेवटी दोन्ही चाकांना जोडणारा जुना ॲक्सलच गेला आणि प्रत्येक चाकाला स्वतःची स्प्रिंग आणि स्वतःचा शॉक ॲब्सॉर्बर आला. टायरमधली हवा उतरवली. ट्रेलर इतका उंच झाला की दाराखाली एक जास्तीची पायरी जोडावी लागली. भाऊजींनी जेवणाच्या टेबलावर दोन चमचे घेऊन मला ही व्यवस्था समजावली. "एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही," ते म्हणाले.

"आमच्या माहेरी हे पूर्वीपासून आहे," मी म्हणाले. ते हसले नाहीत. या विषयावर ते हसत नसत.

चाचणीला आम्ही तिघं एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीकडे गेलो. तिथला रस्ता म्हणजे खड्डे, आणि मधेमधे जोडायला थोडा रस्ता. भाऊजींनी जीप सोडली. टोकाला जाऊन दार उघडलं, तर कपाटं शाबूत होती; एक खण बाहेर आला होता आणि दोन कप गेले होते. ताईने कपांकडे पाहिलं, भाऊजींनी ताईकडे.

"अजून कुठेतरी आदळतंय," ते घाईने म्हणाले. "आत बसून ऐकल्याशिवाय कळायचं नाही. मी पलंगावर आडवा होतो, तू चालव. पण अगदी माझ्यासारखी, नाहीतर आवाज येणार नाही."

"तुमच्यासारखी?"

"हुबेहूब."

ताई रोज जीप घेऊन बाजारात जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तिने पर्स माझ्या मांडीवर ठेवली, आरसा नीट केला आणि गाडी सोडली. बहीण मला लहानपणापासून माहीत आहे, असा माझा समज होता. तिने एक कोपर खिडकीवर टेकवलं होतं, भाऊजी टेकवतात तसं. खड्डा दिसला की ती वेग वाढवत होती. मागे काहीतरी जड वस्तू एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जात होती. ट्रेलरमध्ये जड असं फक्त भाऊजीच होते.

"ताई, हळू," मी म्हणाले.

"हुबेहूब सांगितलंय."

थांबल्यावर बराच वेळ दार उघडलं नाही. मग भाऊजी बाहेर आले आणि पायरीवर बसले. केसांत साखर होती.

"सापडला आवाज?" ताईने विचारलं.

"मागे असं असतं?" ते म्हणाले.

"असंच असतं."

"मला पलंग धरता येत होता. त्यांना तर पट्ट्यांनी बांधलेलं असायचं."

बशांचं बोलणं चाललंय असं मी धरून चालले होते. भाऊजी ॲम्ब्युलन्समधल्या माणसांबद्दल बोलत होते.

"एक म्हातारी होती, कंबर मोडलेली. वाटभर ओरडत होती, बाबा रे, हळू चालव. मला वाटलं, घाबरलीय. म्हटलं, आजी, आलंच हॉस्पिटल. आणि अजून जोरात घेतली."

मला फार वाईट वाटलं. हा माणूस जन्मभर दुसऱ्यांसाठी घाई करत आला होता.

"वाचली ना ती?" ताईने विचारलं.

"वाचली. पण उतरवताना माझ्याकडे बघितलं नाही तिने."

ताई पायरीपाशी आली. मग तिने त्यांच्या केसांतली साखर झटकली. माझ्यासमोर ती त्यांना कधी हात लावत नाही. "आत जा," ती म्हणाली. "आडवे व्हा. परत जाताना मी माझ्यासारखी चालवते."

रस्ता तोच होता. ताई एकेका खड्ड्याशी थांबत होती, एक चाक उतरवत होती, मग दुसरं. एक कुत्रं थोडा वेळ आमच्याबरोबर चाललं आणि कंटाळून पुढे निघून गेलं. मागून काही आवाज आला नाही. खाणीच्या फाटकाशी ताईने गाडी उभी केली आणि दार उघडलं. भाऊजी उताणे पडून छताकडे बघत होते.

"पोचलो?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच," ताई म्हणाली आणि त्यांच्या पायाशी जागा करून बसली. "तळ्यावर जाताना जीप मी चालवणार."

"चालव," भाऊजी म्हणाले. "मी शेजारी बसतो."