चुकलेला योगायोग

सावेरियामावशींचं सगळं आयुष्य रुळाला खेटून गेलं, पण गाडीत त्या फारशा कधी बसल्या नाहीत. नवरा फाटकवाला. तो शेतावर गेला की गाडीच्या वेळेला कढईतली वांगी तशीच टाकून ह्याच धावायच्या आणि हँडल फिरवून फाटक पाडायच्या. गाडी धडधडत जायची. खिडक्यांतली माणसं समुद्राकडे बघायची आणि मावशी त्या माणसांकडे. पुढे फाटक आपलं आपण पडायला-उठायला लागलं. मग नवराही गेला. फाटकाजवळचं ते दोन खोल्यांचं घर मात्र मावशींनी सोडलं नाही. दारात अंजीर, मागे रूळ, रुळापलीकडे समुद्र.

मुलगा कोझिमो तिकडे लांब उत्तरेला, तोरिनो शहरात. दर ऑगस्टला येतो आणि दर ऑगस्टला तेच तुणतुणं वाजवतो. "आई, चल आता माझ्याकडे. एकटीने राहायचं वय आहे का हे?" यंदा तर त्याने घराला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. आता नुसतं 'बघू' म्हणून भागणार नव्हतं. मग मावशींनी पैज लावली.

"रविवारी रेज्जोला तुझ्या आत्याकडे जेवायला जमणार ना सगळे? मी गाडीने येते. एकटी. किनाऱ्याकिनाऱ्याने, वाटेत मुक्काम करत. कुणी आणायला यायचं नाही. जेवायच्या वेळेला पोचले, तर पुन्हा तोरिनोचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही पोचलीस तर?"

"तर घर विक. येते तुझ्याबरोबर."

कोझिमो हसला. "आई, तुला बाजारातून घरी येताना रस्ता विचारावा लागतो."

"विचारते, पण येते ना?"

नातीची जांभळी पाठपिशवी पाठीला लावून मावशी निघाल्या तेव्हा सगळी गल्ली दारात आली होती. पिशवीत पाव, चीज, पाण्याची बाटली, उन्हाची टोपी आणि जाडजूड गाऊन. मी शेजारीण, म्हटलंसुद्धा, "मावशी, ऑगस्टात गाऊन कशाला?" तर म्हणाल्या, "परक्या घरात उघड्या दंडांनी झोपू?" पुढचं सगळं मला त्यांनी वर्षाचा टोमॅटोचा रस बाटल्यांत भरताना सांगितलं. रस ढवळायचा, थांबायचं, कुठेतरी बघत राहायचं, पुन्हा ढवळायचा, असं.

गाडी दोन डब्यांची, काचा खाली. डावीकडे समुद्र इतका जवळ, की वाटावं गाडी पाण्यावरूनच चाललीय. मधेच एखादी कोरडी नदी, तिचे पांढरेशुभ्र गोटे, काठाने गुलाबी कण्हेर. बोगदा आला की सगळं विझायचं आणि बाहेर पडताच ऊन पुन्हा मांडीवर येऊन बसायचं. एका फाटकाशी एक बाई हातात झाडू घेऊन उभी होती. मावशींना वाटलं, ती मीच आहे. तिला हात करावा तोवर ती मागे गेली.

शनिवारचा मुक्काम रोजिनाकडे, म्हणजे शाळेतल्या मैत्रिणीकडे, सान रोक्कोला होता. आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांची एक खोड आहे. स्टेशनच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ती गावाला त्याच्या संताच्या नावानेच ओळखतात. मावशींनी समोरच्या बाईला विचारलं, "सान रोक्को आलं का हो?"

"हे काय, आलंच! उतरा, उतरा, संताची मिरवणूक निघेल आता."

मावशी उतरल्या. गाडी गेली. कमानी, दिवे, बँड, सगळं होतं. फक्त रोजिना नव्हती.

"कुठली रोजिना?" स्टेशनबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं. मावशींनी सगळं सांगितलं. तो मांडीवर थाप मारून हसला. "मावशी, तुमचा रोक्को दुसरा! आमचा कुत्रेवाला."

"सगळेच रोक्को कुत्रेवाले असतात."

"पण आमच्या मूर्तीत कुत्रा डावीकडे उभा आहे."

या किनाऱ्यावर दर तिसऱ्या गावाचा संत रोक्कोच. ती चूक परदेशी माणूस करत नाही, कारण तो पाटी वाचतो. त्या रात्री म्हाताऱ्याच्या सुनेने मावशींना बकरीच्या रश्श्यातला पास्ता पोटभर वाढला, आपला पलंग दिला, आणि गाऊन बघून म्हणाली, "मावशी, बर्फात निघालात का?"

रविवारी सकाळी पहिली गाडी धरली. वाटेत एकदा बदलायची होती. आमच्याकडे अशा पुढच्या, जोडीच्या गाडीला 'योगायोग'च म्हणतात. एक येते, दुसरी निघते, दोघींची गाठ पडली तर पडली. मावशींची गाडी कुठल्याशा सिग्नलपाशी उन्हात उभी राहिली ती राहिलीच. का, ते कुणी सांगेना. बदलायच्या स्टेशनावर उतरल्या तेव्हा फलाट रिकामा होता.

"योगायोग गेला, मावशी," कॉफीच्या टपरीवरचा माणूस म्हणाला.

"आणि पुढचा?"

"आज रविवार. संध्याकाळी."

मावशी बाकावर बसल्या. घर गेलं, त्यांना वाटलं. अंजीर, दोन खोल्या, सगळं. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे आहेस?" कोझिमो. "योगायोग चुकला ना? मला माहीतच होतं. तिथेच बस, मी गाडी काढतो. पोचतो तासाभरात."

मावशींनी मान वळवली. फलाट संपत होता तिथे वाळू सुरू होत होती. वाळूवर चिटपाखरू नव्हतं. पाणी नुसतं लखलखत होतं.

"येऊ नकोस."

"अगं, संध्याकाळपर्यंत उन्हात करणार काय तू?"

"बघते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पिशवी टपरीवाल्याकडे ठेवली आणि अंगावरच्या पोलक्या-परकरासकट त्या पाण्यात शिरल्या. जन्मभर समुद्र पलीकडे होता, पण दुपार कधी रिकामी मिळाली नव्हती. पोहता येत नाही त्यांना, तरंगता येतं. पाठीवर पडून राहिल्या. कानात पाणी, डोळ्यांवर ऊन. लांब कुठेतरी देवळाची घंटा वाजत होती, तीही पाण्यातूनच आल्यासारखी. आपण कुठल्या गावात आहोत, तेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं. "हरवले होते गं मी," मला म्हणाल्या, "आणि मला काहीच झालं नव्हतं." मग बाहेर येऊन टपरीवरच्या पिशवीतलं पाव-चीज खाल्लं, टोपी तोंडावर घेऊन झोपल्या, उठून पुन्हा पाण्यात गेल्या.

रेज्जोला पोचल्या तेव्हा दिवस मावळत आला होता. ताटं कधीच उचलली होती, माणसं मात्र टेबलाभोवती तशीच होती.

"वहिनी!" नणंद मेलिना ओरडली. "अंगावर हे मीठ कसलं? मिठागरातून आलात का?"

कोझिमो उठला नाही. "हरलीस, आई."

"हरले."

"मग भरायचं सामान?"

"नाही. मी येत नाही."

"शब्द दिला होतास तू!"

"दिला होता. मोडला," मावशी खुर्ची ओढत म्हणाल्या. "पैज लावली तेव्हा मला वाटत होतं, माझ्या घरात राहायला तुझी परवानगी लागते."

"आई, उद्या तुला काही झालं तर?"

"होईल की. तोरिनोत नाही होणार?"

मेलिना म्हणाली, "आईला आधी जेवू दे रे, मग भांडा." गार झालेली भरली वांगी समोर आली. मावशींनी खाली मान घालून, बोटं चाटत खाल्ली. कोझिमो बराच वेळ पाव कुस्करत बसला होता.

तो रागावला, अजूनही थोडा रागावलेलाच आहे. पण घराचं गिऱ्हाईक त्याने परत पाठवलं. परवा त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. नाताळात चार दिवस तरी येशील का, असं विचारत होता.

"येईन की," मावशी म्हणाल्या. "फक्त घ्यायला येऊ नकोस."